खाऱ्या पट्टीतला केसर

लाखी: हात मागे घे, देवशी. पुढचा घाव कलमावर नाही, तुझ्या मनगटावर पडेल.

देवशी: लाखीभाभी, आंब्याची दोन कलमं तोडलीत तुम्ही! केसर आहे, केसर! गीरहून टेम्पोत घालून आणलीत.

लाखी: केसर असो नाहीतर सोन्याचा असो. हा घे, तिसरा.

देवशी: थांबा! पंचांसमोर शब्द झालाय. माझ्या भावानं भोजाभाईला मारलं, म्हणून ते पडले त्या पट्टीत आमच्या घरानं बाग लावायची. बाग हिरवी आहे तोवर कुणी हत्यार उचलायचं नाही. आणि वाळली तर...

लाखी: वाळली तर माझा दीर काना तुझा गळा चिरायला मोकळा. मला शिकवतोस? रक्त माझ्या माणसाचं सांडलंय इथं.

देवशी: मग कुऱ्हाड कशाला चालवता? मला मेलेलंच बघायचंय तुम्हाला?

लाखी: बघायचंय! रोज सकाळी तुझं तोंड दिसलं की वाटतं, उभा चिरावा. तुझ्या भावानं कोयत्यानं यांना असं फाडलं होतं की न्हाऊ घालताना हात कुठं लावावा ते कळेना मला. तो तुरुंगात बसून फुकटची भाकरी खातोय आणि तू इथं बाग फुलवतोयस!

देवशी: कुऱ्हाड सोडा. सोडा म्हणतो ना!

(झटापट. कुऱ्हाडीचा दांडा देवशीच्या कपाळावर बसतो. तो मातीत बसकण मारतो.)

लाखी: धरशील पुन्हा?

देवशी: आई गं... डोळ्यात रक्त उतरलं. मारा. आता पात्यानंच मारा, सुटेन तरी.

लाखी: पात्यानं मारायचं असतं तर दांडा फिरवला नसता. ते बोट मातीत बुडलंय ना तुझं? चाट.

देवशी: काय?

लाखी: चाट म्हणते ना!

देवशी: ...खारट.

लाखी: मिठागर आहे हे. वीतभर खणलं की खाऱ्या रणाचं पाणी लागतं. इथं आंबा लावतोस? आधी पानांची टोकं करपतील, मग बुंधा काळा पडेल. होळीच्या आत नुसत्या काटक्या. इथंच जन्मलास ना रे गाढवा? तुझ्या बापानं कधी लावला होता आंबा?

देवशी: कळतं हो मला! पण भोजाभाईंच्या नावानं रानटी झुडूप लावू? लोक शेण घालतील तोंडात. गेलेल्याचा मान गोड फळानंच करायचा असतो. आणि काना स्वतः घरी येऊन म्हणाला, 'आंब्याहून हलकं काही लावलंस तर भावाचा अपमान समजेन.'

लाखी: म्हणणारच. काल अंगणात बसून कोयत्याला धार लावत होता. विचारलं तर हसला. म्हणे, 'भाभी, देवशी आंबे आणायला गेलाय.'

देवशी: म्हणजे... त्याला ठाऊक होतं?

लाखी: तुझी चिता तुझ्याच हातानं रचून घेत होता. आणि तू वर पाणी घालत बसला असतास.

(काना हातात कोयता घेऊन येतो.)

काना: भाभी! तू इथं काय करतेस? आणि याचं कपाळ कुणी फोडलं? वा! माझ्यासाठी काही ठेवलंस की नाही?

लाखी: बरा आलास, काना.

काना: आंबे कुणी तोडले?

लाखी: मी.

काना: छान झालं. एक हिरवं पान दिसत नाही. बाग संपली, शब्दही संपला. ऊठ, देवशी. बसलेल्या माणसाला मी मारत नाही.

देवशी: काना, लावणीचा मुहूर्त आज आहे, बाग अजून लागली कुठं...

काना: ऊठ म्हणतो ना, हरामखोरा!

लाखी: कोयता खाली कर. बाग आता लागतेय. ही बघ रोपं, माझ्या ओढणीत.

काना: हे? पीलूचं झुडूप? याच्या काड्यांनी आपण दात घासतो! बकऱ्या चरतात! हे माझ्या भावाच्या नावानं?

लाखी: दुसरं काय जगतं इथं, सांग. मध्ये पीलू, कडेनं केरड्याचं काटेरी कुंपण. देवशी, तो खड्डा बुजव. खड्ड्यात मीठ साचतं. उंचवटा कर, म्हणजे पावसानं मीठ धुऊन खाली जाईल. ऊठ, रडतोस काय!

काना: भाभी, मातीला हात लावू नकोस. आपल्या घरानं हात लावायचा नाही, पंचांनी बजावलंय. ज्यानं माती दाबली, झाड त्याचं!

लाखी: ठाऊक आहे.

काना: मग वाळलं तरी दोष याच्यावर येणार नाही, आपल्यावर येईल! याला मी कधीच हात लावू शकणार नाही! काढ हात, नाहीतर तोडीन!

लाखी: तोड. ही एक मूठ. ही दुसरी.

काना: भाभी...

लाखी: दाबली माती. आता तोड.

काना: भाऊ होता गं माझा! लहानपणी खांद्यावर घेऊन रण दाखवलं त्यानं मला. तू माझा हक्क हिरावलास.

लाखी: हिरावला. तू याला मारशील, याचा चुलता तुला मारील, आणि तुला न्हाऊ घालायला पुन्हा मीच. आतडं तुटतं माझं यांच्यासाठी, आजही तुटतं. पण तुझं प्रेत मी धुणार नाही, काना. मला जमणार नाही.

काना: मग घरात पाय ठेवू नकोस. आई तुला दारात उभी करणार नाही.

लाखी: नको करू दे. इथंच झोपडी घालीन. बकऱ्या हाकायला कुणीतरी हवंच.

देवशी: भाभी, तुमचे पाय धरतो...

लाखी: लांब हो! तुला माफ केलेलं नाही. कपाळाला फडकं बांध आणि माती ओढ.

काना: रोप मुळं धरेपर्यंत गोडं पाणी लागेल. पहिला उन्हाळा तरी.

लाखी: लागेल.

काना: गोडी विहीर सगळ्या गावात एकच. आपल्या आवारातली.

देवशी: मी आणत जाईन पाणी, हवं तर मध्यरात्री...

काना: तू आवारात पाय ठेवलास तर तो पाय तिथंच राहील.

लाखी: काना.

काना: ...दुपारी येत जा, भाभी. आई तेव्हा देवळात असते.