कॉफी कुत्री आणि माझी पेटी

माझा जन्म विंझरचा, आणि काय सांगू तुम्हाला, मी पेटी शिकले ती चोरून. आमचे आबा गावच्या भजनात पेटी वाजवायचे. त्यांचा खांदा दुखायला लागला तवा भाता हलवायला मला बसवायचे, म्हणजे हवा माझी आणि बोटं त्यांची, पोरीनं पट्ट्यांना हात लावायचा न्हाई असा कायदा. पण आबा रानात गेले की मी पेटी उघडायची, एका पट्टीत काडेपेटीची काडी खोचायची, मग ती पट्टी दबलेली राहती आणि बोट न लावता सूर चालू राहतो. आई म्हणायची, अगं कुणी ऐकलं तर लग्न जमायचं न्हाई. जमलं की! वरव्याला दिलं मला. पयल्याच आठवड्यात मालकांनी विचारलं, तुला सैपाक काय काय येतो, मी म्हणाले, पेटी येती. दोन दिवस सासूबाईंच्या हातचंच जेवले.

आता पन्नाशी उलटली. आबा गेले, भावाला पेटी नको व्हती, ती माझ्याकडं आली.

आमच्या गावापासनं जवळ एक मोठी शेड हाय, तिथं कुत्र्यांना शिकवतात, चोर पकडायला न्हाई बरं का, आंधळ्या माणसाला रस्त्यानं नीट न्यायला. मी त्या कुत्र्यांचा सैपाक करते, भात, चिकन, लाल भोपळा, मीठ अजिबात न्हाई. घरी मालक म्हणतात, कुत्र्यांना रोज चिकन आणि मला शेपू. मी म्हणते, तुमी बी कुणाला रस्ता दाखवा, मग बघू.

तर तिथं एक कुत्री आली, कॉफी. सगळा गाव चहा पितो आणि कुत्रीचं नाव कॉफी, पण ठेवलं ते सरांनी. सर पुण्याचे, वयानं माझ्या थोरल्या पोराएवढे, मला मावशी म्हणतात. कॉफी लई हुशार, खड्डा दिसला की थांबायची, पायरी आली की थांबायची, पण फटाका वाजला की खलास, थरथरत लोखंडी कपाटामागं. ती कुणाला द्यायची व्हती तर वैशालीला. वैशाली भोरला कॉलेजात शिकती, जन्मापासनं दिसत न्हाई. दर रविवारी भावाच्या खांद्यावर हात ठेवून यायची. एकदा मला हळूच म्हणाली, मावशी, भाऊ चांगला हाय हो, पण मला त्याच्या खांद्याचा कंटाळा आलाय. माझ्या काळजात रुतलं ते.

आता सरांची पद्धत ऐका. आधी पाच मिनटं स्पीकरवर पियानो लावायचा, कुत्र्याचं मन शांत व्हावं म्हणून, आणि मग त्याच स्पीकरवर फटाक्यांचा आवाज. रोज. पंधरा दिवसात कॉफीची गत अशी झाली की फटाके लांबच, नुसता पियानो सुरू झाला की जीभ बाहेर आणि कपाटामागं. सर म्हणाले, हिचा स्वभावच भित्रा, आणखी महिनाभर बघू, न्हाईतर काढून टाकू, कुणीतरी घरी पाळेल.

मी भात ढवळता ढवळता बघत व्हते. मला आठवली आमची म्हातारी शेळी. विंझरला नवसाचं बकरं हलगी लावून मिरवत न्यायचे. हलगी वाजली की गोठ्यातलं एक बकरं कमी व्हायचं. हलगीचा पयला ठोका पडला की ती शेळी कोपऱ्यात तोंड खुपसून उभी राहायची. हलगीनं तिचं काय वाकडं केलं व्हतं? पण हलगीच्या मागनं काय येतं ते तिला ठाव व्हतं!

मी सरांना जाऊन सांगितलं, सर, कुत्री भित्री न्हाई, तुमचा पियानो हलगी झालाय. सर हसले. म्हणाले, मावशी, हे संगीत मुद्दाम कुत्र्यांसाठी केलेलं हाय, परदेशात चालतं. मी म्हणाले, तिथल्या कुत्र्यांना त्याच्या मागनं फटाके मिळत नसतील. सर म्हणाले, मावशी, तुमी भात बघा.

बघते की! दुसऱ्या दिवशी भात बी बघितला आणि पेटी बी घेऊन गेले. दुपारी जेवणं झाली, सगळी कुत्री आडवी झाली, तवा कॉफीपाशी बसले, काडी खोचली आणि भाता हळू हळू हलवत राहिले. गाणं न्हाई, भजन न्हाई, नुसता एक सूर. आणि त्याच्या मागनं काय आलं? काहीच न्हाई. फटाका न्हाई, डॉक्टरची सुई न्हाई, झालंच तर कलेजीचा एक तुकडा. पयल्या दिवशी कपाटामागनं नुसतं नाक दिसलं. आठव्या दिवशी माझ्या पायावर हनुवटी टाकून घोरायला लागली.

गावात बोंब झाली. भजनातले बुवा दारात येऊन म्हणाले, कांताबाई, देवाची पेटी कुत्र्यापुढं वाजवता? मी म्हणाले, बुवा, दत्ताच्या पायाशी काय बकऱ्या बसल्यात का? चहा न घेता गेले.

सरांनी एका दुपारी बघितलं. रागावले न्हाईत, पण शाबास बी म्हणाले न्हाईत. मी म्हणाले, सर, आता तुमचे फटाके आणा, पण बारीक आवाजात, आणि आधी सूर, मधी सूर, फटाके थांबले तरी सूर. सरांनी गपचूप आणले. रोज आवाज थोडा थोडा वाढवला. कॉफी कान हलवायची, उठायची न्हाई.

मग वैशाली म्हणाली, मावशी, भोरच्या बाजारात मी पेटी काय गळ्यात बांधून फिरू? खरं की! मग तोच सूर तिला तोंड मिटून गळ्यात धरायला शिकवला. रविवारी आमी दोघी गुणगुणतोय, कॉफी मधी झोपलीय आणि सर बाहेर पहाऱ्याला उभे, कुणी बघत तर न्हाई ना म्हणून.

कॉफीची परीक्षा भोरला व्हती, एस्टी स्टँडपासनं कॉलेजपर्यंत. सर म्हणाले, मावशी, तुमी यायचं न्हाई, तिचं लक्ष जाईल. बरं, म्हणाले, आणि एस्टीनं जाऊन रसाच्या गुऱ्हाळामागं पदर घेऊन उभी राहिले. नेमकी लग्नाची वरात आली आणि वरातीत फटाक्यांची लड लावली. कॉफी रस्त्याच्या मधीच खाली बसली. भाऊ धावला, वैशालीनं हात वर करून त्याला थांबवलं. तिचं तोंड मिटलेलं, गळा हललेला मला लांबनं दिसला. कॉफीचा एक कान मागं वळला. मग उठली आणि वरातीला वळसा घालून कॉलेजच्या फाटकापर्यंत घेऊन गेली तिला. मी गुऱ्हाळामागनं टाळ्या वाजवत बाहेर! सर म्हणाले, मावशी, तुमी हितं? मी म्हणाले, रस प्यायला आले, बंदी हाय का?

आता शेडमधी सगळ्या कुत्र्यांना जेवल्यावर सूर लावतात. पाव्हणे आले की सर सांगतात, ही आमची पद्धत. मी सैपाकघरातनं वरडते, आमची म्हंजे माझी!

परवा भोरच्या स्टँडवर उभी व्हते, तर समोरनं वैशाली आणि कॉफी. भाऊ नव्हता. कॉफीच्या अंगावर कामाचा पट्टा व्हता, आणि पट्टा असला की तिला हाक मारायची न्हाई, हात लावायचा न्हाई. मी दोन्ही हात पाठीमागं बांधून उभी. कॉफी हातभर अंतरावरनं गेली. नाक जरासं हललं, मान वळली न्हाई. शेजारची बाई म्हणाली, कुत्रीनं वळखलं न्हाई वाटतं तुम्हाला. मी म्हणाले, वळखलं हो बाई, पण ती कामावर हाय. आणि डोळ्याला पदर लावून मनात म्हणाले, जा गं माझे बाई, अशीच जा, माझ्याकडं बघू नको.