वाचले असे समजावे

आणि वर मलाच विचारतात, घसा का बसला म्हणून! बसणार नाही तर काय करेल? तीनशे चाळीस पानं, तुम्हाला सांगतो, तीनशे चाळीस, तीही उभ्यानं. सोमवारी सकाळी तोंड उघडलं ते मंगळवारी दुपारच्या चहाला मिटलं, मधे घरी झोपायला सोडलं एवढाच काय तो उपकार. अहो, सव्वीस वर्षं मी कायदेमंडळात वाचक आहे. वाचक म्हणजे कायदा मंजूर करायच्या आधी तो सदस्यांना वाचून दाखवणारा माणूस. आणि सव्वीस वर्षांत मी वाचलं काय, तर एक वाक्य. उभं राहायचं, खाकरायचं, ते जाडजूड बाड दोन्ही हातांनी वर धरायचं आणि म्हणायचं, "वाचले असे समजावे." की सगळे एका सुरात "होय", बाकं वाजवायची आणि चहाला पळायचं. झाला कायदा. कुणाचं काही अडलं? अडलं असेल, पण ते बाहेर... आत कुणाचं नाही.

आता एकच वाक्य सव्वीस वर्षं म्हटल्यावर ते अंगात भिनणारच ना? बायको म्हणायची, "अहो, टेबलावर चिठ्ठी ठेवली होती, वाचलीत का?" मी म्हणायचो, वाचले असे समज. भाऊजी दोन तास स्टेशनवर ट्रंकेवर बसून होते. अजून बोलत नाहीत माझ्याशी.

तर अशा सोन्यासारख्या कारभारात निवडून आल्या मास्तरीणबाई. तीस वर्षं शाळेत घालवलेल्या. पहिल्याच दिवशी माझं वाक्य संपतंय न संपतंय तोच ह्या उठल्या. "कुणी वाचलं? हात वर करा." कोण करणार? "माझ्या चौथीतली पोरं बरी, निदान मान तरी खाली घालायची." हसले सगळे. पण बाईंनी वर्षभर पिच्छाच पुरवला, आणि नेमका त्यातच तो कुत्र्यांचा घोळ बाहेर आला. झालं काय, कुत्र्यांच्या परवान्याच्या कायद्यात पोहण्याच्या तलावाचं एक पान चुकून शिवलं गेलं होतं, आणि आम्ही ते तसंच समजून घेतलं होतं. वर्षभर, तुम्हाला सांगतो, शहरातल्या प्रत्येक कुत्र्याला पाण्यात उतरताना रबरी टोपी सक्तीची होती! वर्तमानपत्रांनी अब्रूची लक्तरं वेशीवर टांगली तेव्हा कुठे नवा नियम आला: विधेयक शब्द न् शब्द मोठ्यानं वाचायचं, दारं बंद ठेवायची, शेवटी प्रत्येक सदस्यानं "संपूर्ण ऐकले" अशी सही करायची आणि कुणी काय मत दिलं ते नावानिशी छापायचं. जे वाचलं नाही ते कायद्यात धरायचं नाही. आणि हा नियम तरी मंजूर कसा झाला? मीच उभा राहिलो, म्हटलं, वाचले असे समजावे. सगळे म्हणाले, होय.

मग आलं नव्या नियमाखालचं पहिलं विधेयक, कामकाज सुधारणेचंच. आठ दिवस आधी बाड माझ्या घरी. बायको म्हणाली, "एकदा नजर तरी फिरवा, उद्या चारचौघांत अडखळाल." म्हटलं, अगं, तिथं वाचायचंच आहे की, दोनदा कशाला? तू आपलं वाचले असे समज.

झालं सुरू. फोन दारातल्या टोपलीत काढून घेतलेले, त्यामुळे माणसं एकदम उघडी पडल्यासारखी दिसायला लागली. पुढच्या बाकावरचे वजनदार आप्पा दहाव्या पानाला घोरायला लागले. एक जण संत्री सोलून रांगेत वाटत होता. ऐकत होत्या त्या एकट्या मास्तरीणबाई, ओळीखाली बोट ठेवून. मी शब्द खाल्ला की तिकडून लगेच, "परत."

आणि खरं सांगू? दुसऱ्या दिवशी मला ते आवडायला लागलं. सव्वीस वर्षांनी का होईना, आपण खरंच काहीतरी वाचतोय, असं बरं वाटत होतं. तेवढ्यात आलं पान दोनशे सतरा. आता वाचणाऱ्याचे डोळे जिभेच्या एक ओळ पुढे असतात, त्यामुळे तोंड अजून आधीच्या कलमात होतं आणि डोळ्यांना दिसलं: "वाचक हे पद रद्द करण्यात येत असून यापुढे वाचन यंत्राद्वारे होईल."

माझी निवृत्ती दोन वर्षांवर आलेली, आणि हे! वर पाहिलं, मास्तरीणबाई जागेवर नाहीत. कुणीतरी हात धुवायला निघाला होता, त्याला दारात अडवून म्हणत होत्या, "आत्ताच जाऊन आलात ना?" म्हणजे ती एक ओळ गिळली असती तर कुणाच्या बापाला कळणार नव्हतं. न वाचलेलं कायद्यात धरत नाहीत, माझी खुर्ची शाबूत! मी तिथंच थांबलो. सभापतीबाई म्हणाल्या, "वाचक, पुढे." शेवटी मलाही सही करायची होती, "शब्द न् शब्द वाचला" म्हणून. वाचलं. सावकाश, स्पष्ट, आणि कुणीतरी "अरे थांबा" म्हणेल या आशेनं दोनदा वाचलं. आप्पा घोरत होते. मतदान झालं, सगळे म्हणाले, होय. सह्या केल्या, संपूर्ण ऐकले.

परवा आप्पांनी मला व्हरांड्यात गाठलं, खांद्यावर हात ठेवला. "ऐकलं ते खरं का? सव्वीस वर्षांच्या माणसाला काढतात? कुणी केलं हो हे? नावं सांगा, सोडत नाही एकेकाला." म्हटलं, आप्पा, नावं छापून आलीत, पहिलं तुमचंच आहे. "माझं? अहो, मग वाचताना जरा आवाज चढवायचा!" म्हटलं, दोनदा वाचलं, आप्पा. त्यांनी डोकं खाजवलं. मग म्हणाले, "पण काय हो, बाड तर आठ दिवस तुमच्या घरी होतं. तुम्ही नव्हतं वाचलं?"

तुम्हाला सांगतो, सव्वीस वर्षांत त्या इमारतीत एका सदस्यानं पहिल्यांदा मुद्द्याचा प्रश्न विचारला... आणि तो मला.