कॅरियरवरून देव्हाऱ्यात

माझ्या देव्हाऱ्यातला काळा दगड कुठल्या क्षेत्राचा, असं येणारी प्रत्येकजण विचारते. तर ऐका. थोरलीचा टायफॉइड उतरला की ह्यांना बेळगावातनं सायकलनं नरसोबाच्या वाडीला धाडीन, असा नवस मी बोलले होते. ह्यांना न विचारता!

"नवस तुझा आणि पाय माझे व्हय गं?" म्हणाले, पण ऑफिसला न्यायची सायकल तयार केली. मी गोणपाटाच्या दोन पिशव्या शिवून कॅरियरच्या दोन्ही बाजूंना बांधल्या. एकीत कपडे, दुसरीत नवसाचे पाच नारळ.

हमरस्त्यावरचे ट्रक आठवून तीन दिवस माझा जीव थाऱ्यावर नव्हता. हे सुखरूप परतले. एका पिशवीत प्रसादाचे परत मिळालेले नारळ आणि दुसरीत कपड्यांखाली हा दगड निघाला. वाडीचा प्रसादच समजून मी त्याला अंघोळ घातली, हळदकुंकू वाहिलं.

हे देवापुढं आले आणि हसतच सुटले. "अगं, नारळांच्या बाजूला सायकल कलंडायची, म्हणून जातानाच संकेश्वरजवळ रस्त्यातनं उचलून कपड्यांत घातलता!"

"म्हंजे तुमचा तोल ह्यानंच सांभाळला न्हवं? पाया पडा आधी."

हसणं थांबवून हे दगडापुढं वाकले.