इसाराआधी दूध उतू घाला

फसवलं आमाला, भोवलं माझ्या लेकीला, सुमनला, बारा दिवसांच्या बाळंतिणीला, आन् कवा म्हणाल तर चौऱ्याण्णव सालच्या आषाढात, भर दुपारी, आमच्या स्वतःच्या घरात. हे आधी लिवून घ्या, मग बाकीचं.

आमी मूळचे कडेगावकडचे, ऊस आन् ऊन दोनच गोष्टी ठाऊक. आमचे हे फौजेत हवालदार, रिटायर होऊन आले आन् म्हणाले आता थंड हवेला ऱ्हायाचं, दोन खोल्या पाव्हण्यांना द्यायच्या, म्हणून महाबळेश्वरात साहेबाच्या काळातलं कौलारू घर घेतलं. घेतलं चैत्रात, हीच चूक. चैत्रात तिथं शेगडी कोण पेटवतंय? मधल्या खोलीत भिंतीतच शेगडी, वर धुराडं थेट छपराबाहेर, मला ती लय आवडली. वास्तूच्या दिवशी म्हनलं दूध हितंच उतू घालू, तर विकणारा, वाईचा गृहस्थ, हसत आडवा आला, वहिनी नवा रंग काळा होईल, दूध आपलं स्वैपाकघरात घाला. शेगडीत त्यानं फुलांची कुंडी मांडलेली. मी कुंडीचं कौतुक केलं. काय सांगू तुमाला.

आषाढात तिथं पंधरा-पंधरा दिस ऊन न्हाई. भिंती भिजू नयेत म्हणून घराला गवताच्या झड्या बांधतात, खिडक्यासुदिक झाकून जातात, तशा आमीबी बांधल्या. लेक बाळंतपणाला आलेली, नात झालेली, तिला शेक नको? आमच्याकडं कोळशाचा शेक, आन् धूर बाळाच्या डोळ्यात जाऊ नये म्हणून कोळसे बाहेर पडवीत लालबुंद फुलवायचे, मग आत न्यायचे. तसंच केलं, कुंडी काढून निखारे त्या भिंतीतल्या शेगडीत घातले, वर धुराडं हायच म्हणून. धूर न्हाई, वास न्हाई. हे पेन्शनीला साताऱ्याला गेलेले. सुमन म्हणाली आई डोकं जड झालं, मी म्हनलं जागरणाचं असंल, नीज. मग माझंच डोकं भिंतीला टेकलं, उठाया गेले तर पाय माझे न्हाईतच.

शेजारची जुलेखाभाभी अळिवाची खीर घेऊन आली. हाका मारल्या, आतनं ओ न्हाई. दुसरी असती तर झोपल्या असतील म्हणून माघारी गेली असती. हिनं दार ढकललं, आधी बाळ पदराखाली घेऊन बाहेर धावली, मग सुमनला ओढलं, मग मला, माझं वजन बघा आन् त्या बाईचं बघा, मग विळ्यानं झड्या टराटरा फाडल्या. आमी डोळे मिटू नये म्हणून पडवीत बसवून शिव्या दिल्या, अशा शिव्या मी फौजेच्या लाइनीतबी ऐकल्या न्हाईत. तिच्या नवऱ्याच्या टॅक्सीतनं दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, धूर दिसला असता तर तुमी पळाला असता, कोळशाची विषारी हवा डोळ्याला दिसत न्हाई, तिला वर जाया वाट लागते.

वाट नव्हतीच. ह्यांनी कौलावर चढून बघितलं तर धुराड्याच्या तोंडात हातभर आत पत्रा, वर सिमिट. पाऊस गळायचा म्हणून विकणाऱ्यानंच बुजवलेलं. हे वाईला गेले. तो पानाला चुना लावीत म्हणाला, तुम्ही विचारलं नाहीत, मी सांगितलं नाही. माफीबी न्हाई.

त्याचा राग हाय, तो ऱ्हाईल. पण सकाळी उठले की तो आठवत न्हाई, भाभी आठवते. नात आता पाच वर्साची हाय, सुट्टीला आली की जेवते भाभीकडं आन् झोपते आमच्याकडं. धुराडं मोकळं केलं, पावसापुरती वर पत्र्याची टोपी, चारी अंगांनी उघडी. आषाढात शेगडी पेटली की पैला चहा भाभीचा. ती येते, आधी खिडकी उघडते, मग बसते. तिची लेकरं सुखात ऱ्हावोत.

आता तुमी, वाचणारे. जुनं घर घेत असाल तर वास्तूची वाट बघू नका. इसार द्यायच्या आधी, विकणाऱ्याला समोर बसवून, त्या घरातल्या परत्येक चुलीवर, परत्येक शेगडीवर दूध उतू घाला, आन् अंगणात उभं राहून धूर कुठनं निघतो ते बघा. तो आडवा आला तर उठा. आन् घर विकत असाल, तर काय बुजवलंय ते आजच्या आज सांगा, कुणी इचारायची वाट बघू नका.