उत्तर की दक्षिण?

काकू, आणि जमलेली सगळी मंडळी,

भाषणाची मला सवय नाही. सांभाळून घ्या.

अण्णा कॉलेजात भूगोल शिकवायचे, माझं नया बाजारात चष्म्याचं दुकान. आमची मैत्री वाइनमुळे झाली, हे बऱ्याच जणांना आज कळतंय. कळू द्या. वाइन मी कुणाकडे शिकलो नाही. पुस्तकं मागवली, जीभ लावली, शिकलो.

पुस्तकात होतं, लाल वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी. आम्ही तशीच प्यायलो. ग्वाल्हेरात, मे महिन्यात! अण्णा म्हणाले, "अरे शरद, ये तो काढा है!" तेव्हापासून बाटली ओल्या फडक्यात, कूलरपुढे.

रविवारी दुपारी दोन बाटल्या. द्राक्षाची जात एकच, पण एक बाटली चिलीची, एक फ्रान्सची. काकू आतून फुलपात्रांत ओतून आणायच्या. आम्ही चाखून गोलार्ध सांगायचा, उत्तर की दक्षिण? दक्षिणेची पिकल्या फळाची, दारातच गळ्यात पडणारी. उत्तरेची आंबटसर, जरा मातकट, ओळख द्यायला वेळ घेणारी. नेहमीच असं नसतं, म्हणून तर मजा! लेबलावर वर्ष एकच असलं तरी दक्षिणेची सहा महिन्यांनी थोरली. तिकडे द्राक्षं मार्चच्या सुमारास खुडतात, फ्रान्सात सप्टेंबरात. मी हे सांगितलं की अण्णा म्हणायचे, "भूगोल मला शिकवतोस?" आणि काकू म्हणायच्या, "माझी आमटी कधी इतक्या भक्तीने चाखली नाहीत!"

मग आजारपण आलं. औषधांनी अण्णांची चव गेली, वासही गेला. मी बाटल्या नेणं बंद केलं. त्यांचाच निरोप आला, ये. म्हणाले, "तू पी आणि सांग. मी ओळखतो."

या वेळी बाटली मीच उघडली, घोट घेतला. सांगितलं, आधी आंबट, मग ओल्या मातीसारखं काही, फळ मागाहून, तेही बेताचं. अण्णा डोळे मिटून ऐकत होते. म्हणाले, "दक्षिण."

त्यांच्या मागून काकू मला खुणावत होत्या. हो म्हण. हो म्हण रे.

मंडळी, काय म्हणायला हवं होतं मी?

म्हणालो, "नाही अण्णा. उत्तर."

काकूंनी तोंड फिरवलं. आणि अण्णा हसले. कित्येक दिवसांनी हसले. "सगळे येतात, तब्येत छान दिसते म्हणतात. तू तरी मला अजून नापास करतोस! पुढच्या रविवारी ये, बघतोच तुला."

तो रविवार त्यांनी पाहिला नाही.

आता उभे राहू या. अण्णा सुखाने गेले, असं मनातसुद्धा कुणी म्हणू नका. नुसते गप्प उभे राहू या.