ढोलची अक्षरं

...वायर बरोबर आहे म्हणे! अहो, मग अक्षरं का येत नाहीत? तुम्हाला सांगतो, उभा जन्म पंपांच्या जळक्या मोटारींना नवी तार गुंडाळण्यात गेला, तारेचं आणि माझं कधी वाकडं नव्हतं. पण रेडिओ कॉम्प्युटरला जोडायला बसलो आणि... मधे एक डबी, डबीला दोन वायरी, एक येणारी, एक जाणारी, आणि दोन्ही काळ्या! कॉम्प्युटर दुरुस्त करणारा येतो, वाकून बघतो, फुंकर मारतो, "काका, वायर बरोबर आहे," म्हणतो आणि चहा पिऊन जातो.

हा उपद्व्याप कशाला, विचाराल. ढोलसाठी हो! ढोल म्हणजे माझा रेडिओवरचा दोस्त; गाण्यांचा रेडिओ नव्हे हो, हौशी लोकांचा, दोन्हीकडून बोलायचा. भेट कधीच नाही, नुसता आवाज. पण आवाज असा, की त्यानं "काय रे म्हाताऱ्या!" म्हटलं की आमच्या कपाटातल्या बश्या वाजायच्या. नेमका त्याचाच गळा डॉक्टरांनी कापला. जीव वाचला, आवाज गेला. ही म्हणाली, "अहो, फोनवर लिहा की भावजींना." म्हटलं, फोनवर तो पेशंट असतो गं... रेडिओवर ढोल असतो.

मग हे जोडकाम. तुम्ही टाइप केलं की कॉम्प्युटर शिट्टी मारतो, रेडिओ ती शिट्टी धाडतो, आणि तिकडचा कॉम्प्युटर तिची परत अक्षरं करतो. आहे की नाही सोपं? पहिल्याच दिवशी मी एका बोटानं अक्षरं वेचत बसलोय, आणि पडद्यावर ढोल काय लिहितो? "म्हाताऱ्या, टिंगटिंग कसली? दारात कोण आलंय?" अहो, माझ्या कॉम्प्युटरची घंटी चालली होती हवेतून! वायर बरोबर होती ना! त्यात आमचं मराठी इंग्रजी अक्षरांत. त्यानं विचारलं, "तू बारा का?" मी कळवलं, नाही रे, एकटाच आहे. तर तो "बरा का" विचारत होता!

एक अक्षर सापडेपर्यंत चहा गार व्हायचा. शेवटी त्यानंच वैतागून लिहिलं, "गाढवा, माझा गळा गेलाय, कान नाही! तू बोल की!" ...आता हे मला सुचू नये? तेव्हापासून मी माइकवर बोलायचो, तो अक्षरांत हसायचा. ही मागून ओरडायची, "भावजी, हे गोळ्या घेत नाहीत हो!" तेही जायचं. तिकडून मला शिव्या यायच्या, एकेक अक्षर करत... सावकाश.

आणि गेल्या आठवड्यापासून हे! पडद्यावर टिंबं, आकडे, उलटसुलट अक्षरं, मुंग्यांची रांग फुटावी तसं. वायरी काढल्या, पुसल्या, परत घातल्या. तुम्हाला सांगतो, बिघाड वायरीतच निघावा म्हणून देव पाण्यात घालून बसलो होतो. तो दुरुस्तीवाला आला. चहा नको म्हणाला. "काका... वायर बरोबर आहे. पलीकडून कोणी पाठवतच नाहीये. ही हवेतली खरखर. यंत्राला काय, ते तिचीही अक्षरं करतं."

त्याच दुपारी ढोलच्या लेकीचा फोन. "काका, बाबा गेले." मी म्हटलं, "बरं." ...बरं म्हणतात का हो अशा वेळी?

तरी संध्याकाळी रेडिओ लावतोच. काय काय उमटत राहतं, मी ओळ न् ओळ वाचतो. काल ही शेजारी येऊन बसली. मग हळूच म्हणाली, "अहो, ह्याचा काय अर्थ लागतोय तुम्हाला?"

म्हटलं, "अगं, होता तेव्हा तरी त्याचं शुद्धलेखन कुठं धड होतं?"