आवाजाची गुंडी

—न्हाय न्हाय, शिवयोगी अण्णा, झाकण उचलू नका, आत तारा मोकळ्या हायत. बसा की स्टुलावर. ह्या ईरप्पानं निम्म्या सोलापूरचं रेडिओ उघडल्यात, पण टीव्हीवरचा चेंडूचा खेळ पैल्यांदाच बघितला. तुमच्या मेव्हण्यानं कुवेतवरनं खेळ आणला, टीव्ही बी आणला — आन् हितं टीव्हीवर दिसतंय काय? नुसत्या मुंग्या, सोलापुरात अजून टीव्हीचं केंद्रच न्हाय! म्हंजे ह्यो खेळ चालला तरच त्या पेटीचा उपेग. ठावं हाय मला, म्हणून तर दोन्ही ठेवून घेतलं.

बिघाड काय हुता? दोन गुंड्या, दोघांच्या हातात एकेक. फिरवली की पडद्यावरची पांढरी फळी वर-खाली, चेंडू अडवायचा. उजवीच्या तारा उलट्या जोडलेल्या — वर फिरवा, फळी खाली! ते काम दोन मिंटाचं. डावी मातूर आतनं पार झिजलेली. तसली गुंडी सोलापुरात कुटं मिळायची? बसवली मी रेडिओच्या आवाजाची. चुकलंच की! आवाजाची गुंडी आधी रेंगाळती, मग एकदम उसळती. फळी बी तशीच — अर्ध्यापतूर हलंना, मग थेट वर. काढणार हुतो. पण आमची चन्नम्मा म्हनली, ऱ्हाऊ द्या, मला जमतंय.

व्हय, बायकोच खेळती. हसताय काय? लेक सासरी गेल्यापासनं घर गप झालं हुतं, अण्णा. जेवलात का, दार लावा — एवढंच बोलणं. आता भाकरी उरकल्या की पदर खोचून बसती गुंडी धरून. मला हरवती, आन् हसती — लई हसती. मंगळवारपासनं रोज.

...व्हय. मंगळवारीच दुरुस्त झाला. आलं बघा तोंडातनं. आज शुक्रवार. पार्ट यायचाय म्हनलो, तारा मोकळ्या म्हनलो, ते समदं खोटं. रागवा, पण अजून एक दिस — काय? आज पावणे येणार? पोरं सकाळधरनं वाट बघत्यात?

बरं. पोरांचं मन मोडून कसं चालंल? घ्या. टीव्ही रिक्षात नीट ठेवा, खेळ मी गुंडाळून देतो. पोरांस्नी सांगा, डावी गुंडी जरा दमानं. आन् बिगीनं आटपा — चन्नम्मा दळण आणाया गेलीया. ती समोर असली तर माझ्यानं देववणार न्हाय. जावा, अण्णा. जावा म्हणतो न्हवं!